दोनशे सलग

आर्डिथ लव्हडेने पिस्तूल घेतलं ही बातमी केट्स खोऱ्यात मंगळवारी दुपारी पसरली आणि बुधवारी सकाळपर्यंत तिच्या दारात अकरा सल्ले, दोन केक आणि तेलाची एक बाटली येऊन पडली होती. पूर्व टेनेसीत आमच्याकडे माणूस गेला की शेजारी जेवण घेऊन येतात आणि माणसाने पिस्तूल घेतलं की मत घेऊन येतात. जेवणाचं भांडं निदान धुऊन परत करता येतं.

आर्डिथ एकसष्ट वर्षांची. पियानो सुरात लावणं हा तिचा धंदा, वडिलांकडून आलेला. तिच्या पांढऱ्या व्हॅनच्या दारावर अजून 'लव्हडे आणि मुलगी, पियानो सुरात लावून मिळतील' असं लिहिलेलं आहे. त्यातले लव्हडे जाऊन वीस वर्षं झाली आणि मुलीला आता वाचायचा एक व लांबचा एक असे दोन चष्मे लागतात, पण अक्षरं झकास आहेत म्हणून तिने ती बदलली नाहीत. डोंगरांतल्या चौसष्ट चर्चचे पियानो तिच्याकडे. हात इतका हलका की धंद्यातल्या एकतीस वर्षांत जुन्यातली जुनी गंजकी तारसुद्धा तिच्या हातून तुटली नाही. वडिलांनी दहाव्या वर्षी तिच्या हातात खुंट्या पिळायची किल्ली दिली आणि सांगितलं, "चिमणी धरल्यासारखी धर. मनगट सैल. तू तारेशी भांडलीस तर तार जिंकेल." आर्डिथ आयुष्यात कुणाशी भांडली नाही, आणि त्याचं बरंचसं श्रेय या चिमणीला जातं.

पण गेल्या ऑक्टोबरपासून व्हॅन गावाबाहेर पडलेली नव्हती.

झालं होतं एवढंच: लॉरेल फोर्कच्या चर्चला जाताना ती घाटाच्या तोंडाशी पेट्रोल भरायला थांबली. शेजारी एक करडा पिकअप ट्रक उभा होता. आतल्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, व्हॅनकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ती निघाली तसा तो निघाला. ती हळू झाली की तो हळू. दहा मैल. वर जिथे मोबाइल मुका होतो त्या वळणावर त्याने दोनदा दिवे मारले आणि मग तो कुठल्यातरी कच्च्या रस्त्याला वळून नाहीसा झाला. आर्डिथ चर्चच्या अंगणात दारं लावून चाळीस मिनिटं व्हॅनमध्ये बसून राहिली आणि पियानोला हात न लावता परत आली.

घडलं काहीच नव्हतं, आणि तीच अडचण होती. काही घडलं असतं तर सांगता आलं असतं. "काय झालं गं?" असं कुणी विचारलं की तिला "काही नाही" म्हणावं लागे, आणि ते खरंही होतं. मग ती नुसती गावातले पियानो लावत राहिली. शाळेचा एक, दाताच्या डॉक्टरांचे दोन. डॉक्टरांचे पियानो तीन महिन्यांत सहा वेळा लावून झाले, तेव्हा एक डॉक्टर हळूच म्हणाला, "मिस आर्डिथ, माझ्या पियानोला काही आजार आहे का?"

जानेवारीत तिच्या मेहुण्याने, गारलंड हस्कीने, सोबत यायची तयारी दाखवली. गारलंड म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, नेल्डाचा नवरा. रस्ते खात्यातून निवृत्त झालेला, मनाने लोणी, आवाजाने रोडरोलर. एका चर्चला तो तिला आपल्या गाडीने घेऊन गेला. बाकावर बसून त्याने शेंगा फोडल्या, स्वतःच्या खासगी सुरात गुणगुणला आणि प्रत्येक तार लावून झाली की "झालं का?" असं विचारलं. पियानोला दोनशेतीस तारा असतात. त्या दिवशी आर्डिथला कळून चुकलं की सोबतीने हा धंदा होत नाही. शांतता लागते, आणि शांतता एकटीलाच मिळते.

मार्चमध्ये लॉरेल फोर्कहून मिस झेल्फाचं पत्र आलं. मिस झेल्फा तिथे बासष्ट वर्षं पियानो वाजवते.

"पोरी," तिने लिहिलं होतं, "मेच्या दुसऱ्या रविवारी आपलं होमकमिंग आहे. गाव सोडून गेलेले झाडून सगळे येतील आणि अंगणात जेवतील, पण त्याआधी त्यांना गायला लागेल आणि मला वाजवावं लागेल. मधला स्वर दाबला की दारात शेपटी अडकलेल्या मांजरासारखा ओरडतो. तू येणार नसशील तर मंडळी विजेवरचा बटणांचा पियानो घेणार म्हणतात. मी सप्टेंबरात पंच्याऐंशीची होईन. बटणांवर मरायची माझी इच्छा नाही."

आर्डिथने पत्र तीनदा वाचलं, घडी घातली आणि व्हॅन काढून डॉइलच्या दुकानात गेली.

डॉइलचं बंदुकांचं दुकान म्हणजे आमच्याकडे न्हाव्याचं दुकान आणि कचेरी एकत्र केल्यासारखं. डॉइल चाळिशीचा, दाढी छातीपर्यंत, बाईमाणसाशी अतिशय अदबीने वागणारा. त्याने काचेखालून एक पिस्तूल काढून मखमलीवर ठेवलं.

"बायका हे फार नेतात, मिस आर्डिथ. गुलाबी आहे."

"डॉइल, माझी व्हॅन गुलाबी आहे का?"

"नाही मॅम."

"माझ्या किल्ल्या?"

"नाही मॅम."

"मग ठेव ते आत. एखाद्या बाहुलीची वरात निघाली की लागेल."

मग तिने जे केलं त्याची हकीकत डॉइल अजून गिऱ्हाइकांना सांगतो. तिने एकेक रिकामं पिस्तूल कानाशी धरलं, वरची स्लाइड मागे ओढली, सोडली आणि डोळे मिटून ऐकलं.

"हे खुळखुळतं," ती पहिल्याबद्दल म्हणाली. दुसऱ्याबद्दल, "याच्या पोटात काहीतरी घासतं." तिसरं लहानसं काळं होतं, तिच्या हाताच्या पंजात मावेल एवढं, कपड्याखाली लपवून कमरेला लावायचं. "हं. हे नीट बोलतं."

नव्या लहान पिस्तुलाची स्प्रिंग फार कडक असते, म्हणून डॉइल बायकांना स्लाइड ओढायची एक खास युक्ती शिकवतो. ती शिकवायला त्याने हात पुढे केले होते. ते तसेच हवेत राहिले, कारण आर्डिथने स्लाइड मुरंब्याच्या बरणीचं झाकण काढावं तशी आधीच तीन वेळा ओढली होती. एकतीस वर्षं खुंट्या पिळल्या की बोटांत पाना बसतो.

"एक लक्षात ठेवा," डॉइल म्हणाला, "नवं पिस्तूल म्हणजे नवा बूट. मुरवावं लागतं. न अडकता दोनशे गोळ्या सलग झडल्या की मगच त्याच्यावर भरवसा. मध्ये एक जरी अडकली की पुन्हा एकपासून मोजायचं."

हे आर्डिथला मनापासून पटलं. नव्या तारासुद्धा ताणून सैल होतात, नवा पियानो पहिल्या वर्षी चारदा लावावा लागतो. वस्तूने आधी आपल्याला ओळखायला हवं. तिने घरी येऊन फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मे महिना उघडला आणि दुसऱ्या रविवाराच्या आदल्या शुक्रवारी लिहिलं: 'दोनशे सलग झाल्या तर लॉरेल फोर्क.' नेल्डाने ते वाचलं आणि विचारलं, "आणि नाही झाल्या तर?"

"तर बटणं," आर्डिथ म्हणाली.

शिकारी क्लबचं नेमबाजीचं मैदान म्हणजे डोंगराच्या कुशीत मातीचा एक उंच बांध, अलीकडे लाकडी टेबलं आणि टिनाचं छप्पर. गारलंड गुरू म्हणून आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. गुरू असेच येतात. नेल्डा घडीची खुर्ची, थर्मास आणि विणकाम घेऊन आली. आर्डिथने आधी कानात बोळे घातले आणि त्यावर मोठाली कानझाकणं चढवली, कारण तिची भाकरी तिच्या कानांवर चालते.

"पाय जरा रुंद!" गारलंड ओरडला.

"काय?"

"पाय!"

"गाय कुठे?"

"काही नाही, मार!"

तिने मारली. ठो! पंधरा पावलांवरच्या कागदाला मधोमध भोक पडलं. नेम तिचा उपजतच. ज्या बाईला दोन तारांमधला केसभर फरक कळतो तिला भोकाची जागा कळणारच. दुसरी मधोमध. तिसरी मधोमध. चौथीला चाप ओढला तर काहीच नाही. झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर उडण्याऐवजी स्लाइडच्या फटीत उभी अडकली होती, छपरावरच्या धुराड्यासारखी.

"नवं आहे," गारलंड म्हणाला. "होतं असं."

पहिल्या पन्नासांत सहा धुराडी झाली. सगळ्यात लांब मालिका चौदाची. शेवटी गारलंडने पिस्तूल आपल्या हातात घेतलं, दहा गोळ्या भरल्या आणि दहाही धडाधड झाडल्या. एकही अडकली नाही.

"पिस्तूल चांगलं आहे," तो म्हणाला.

आर्डिथने घेतलं. दुसऱ्याच गोळीला धुराडं.

"त्याला तू आवडत नाहीस," नेल्डा विणता विणता म्हणाली.

"ते पिस्तूल आहे, नेल. मांजर नाही."

"मांजराने निदान अंग तरी घासलं असतं."

पुढचे सहा आठवडे गारलंडच्या धर्मशास्त्राप्रमाणे गेले. त्याचा पहिला आदेश होता तेल. आर्डिथने स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेल पसरला, पियानोचे भाग मांडते तसे पिस्तुलाचे भाग ओळीने मांडले, वडिलांच्या जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसले आणि गारलंडने आणलेलं तेल गारलंडने सांगितलं तेवढं घातलं. पुढच्या मंगळवारी पहिल्याच गोळीला तेलाचा फवारा थेट चष्म्यावर. आता दुसरा आदेश निघाला: तेल पुसून काढा, तेल हेच दुखणं आहे. त्यानंतर काडतुसं बदला, टोकदार नकोत, बोथट आणा. शेवटचा आदेश म्हणजे स्लाइड मागे ओढून अडकवा आणि आठवडाभर तशीच ठेवा, म्हणजे स्प्रिंग नरम येते. त्याप्रमाणे पिस्तूल आठ दिवस फ्रिजवर मक्याच्या पिठाच्या डब्याशेजारी तोंड उघडून बसलं होतं, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं.

स्प्रिंग खरंच थोडी नरमली असावी. मालिका लांबत गेली: चौतीस, एकाहत्तर, एकशे बारा. आणि आर्डिथही मुरत होती. घरात ती कमरेच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल लावून वावरायची सवय करू लागली. आधी रिकामं, मग भरलेलं. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसली आणि उठताना खुर्ची बरोबर आली. अंगावरच्या सदऱ्याखाली फुगवटा दिसतो का, हे ती नेल्डाला विचारी.

"दिसतो," नेल्डा म्हणे.

"काय दिसतं? पिस्तूल?"

"नाही. थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीपासून खाल्लेलं सगळं."

शेवटी वडिलांचं कामाचं सैलसर जाकीट सगळ्यांत बरं पडलं. त्याखाली पिस्तूलही मावलं आणि थँक्सगिव्हिंगही.

होमकमिंगच्या आदल्या मंगळवारी ती एकशे सत्त्याऐंशीपर्यंत पोचली. गारलंड मोठ्याने मोजत होता. डॉइल दुकान बंद करून बघायला आला होता. नेल्डाने विणकाम खाली ठेवलं होतं. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या गोळीला पुंगळी शांतपणे उभी राहिली.

गारलंडने नवा आदेशही काढला नाही, म्हणजे प्रसंग किती गंभीर होता बघा. आर्डिथने गोळ्यांचं मॅगझिन काढलं, पुंगळी झटकली, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि कानझाकणं काढली.

"डॉइल, हे परत घेशील का?"

"घेईन मॅम. पण..."

"मग शुक्रवारी मी फोन करून सांगते त्यांना. घेऊ देत बटणं."

गारलंडने टोपी काढून डोकं खाजवलं. "मी येतो की तुझ्याबरोबर. शेंगा नाही आणणार."

"गुणगुणशील."

"नाही गुणगुणणार."

"गारलंड, तू झोपेत गुणगुणतोस," त्याची बायको म्हणाली.

"तो प्रश्न नाही," आर्डिथ म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला. एकतीस वर्षांत तिचं काही बेसूर झालेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. "आज तू लॉरेल फोर्कला येशील. पुढच्या आठवड्यात? चौसष्ट चर्च आहेत रे. मला रस्ता परत हवाय. कुणीतरी सोडायला आलेला रस्ता नकोय."

सगळे घरी आले. आर्डिथच्या स्वयंपाकघरात नेल्डाने कॉफी टाकली आणि वातावरण हलकं करावं म्हणून मोबाइल पुढे सरकवला.

"हे बघ. तुझ्या वाढदिवसाला लावणार होते. सावकाश फिरवून काढलंय."

चित्रफितीत आर्डिथ गोळी झाडत होती, पण सगळं पाण्याखाली चालावं तसं संथ. नळीच्या तोंडाशी ठिणगी फुलली, स्लाइड मागे सरकू लागली आणि तिच्याबरोबर आर्डिथचं मनगटही मागे, वर, नाजूकपणे, एखाद्या राणीने बग्गीतून हात हलवावा तसं गेलं. स्लाइड अर्ध्यावर रेंगाळली. पुंगळी अडकली.

"अगं, गोळी झाडतेस की पिस्तुलाला कुरवाळतेस?" नेल्डा हसत म्हणाली.

आर्डिथ हसली नाही. तिने ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. ते मनगट तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. दहाव्या वर्षी बाबांनी दिलेलं, सैल, चिमणीवालं मनगट.

"स्लाइडला मागे जायला काहीतरी पक्कं लागतं," ती हळूहळू म्हणाली. "भिंतीला टेकून ढकलता येतं, पडद्याला टेकून नाही. मी पडदा झालेय, नेल. गारलंडच्या हातात चालतं कारण गारलंड भिंत आहे."

"हे मी तीस वर्षं सांगतेय," नेल्डा म्हणाली.

आर्डिथ उठली आणि पुढच्या खोलीतल्या आपल्या पियानोसमोर जाऊन उभी राहिली. वरची फळी काढली, किल्ली एका खुंटीवर चढवली. तार सुरापर्यंत आणली, सैल हाताने, कुरवाळत. आणि मग, एकतीस वर्षं रोज दोनशेतीस वेळा करते तसं, तिच्या हाताने शेवटी खुंटीला एक घट्ट, ठाम दाब दिला. खुंटी बसवायची असते. नाहीतर आज लावलेला सूर उद्या घसरतो. बाबांचा धडा दोन सूत्रांचा होता. "चिमणी धरल्यासारखी धर," हे पहिलं. दुसरं होतं: "आणि सूर सापडला की खुंटीला कळू दे, मालक कोण आहे."

हाताला दोन्ही सूत्रं पाठ होती. पिस्तूल हातात घेताना मात्र तिला पहिलंच तेवढं आठवलं होतं. भ्यायलेला माणूस चांगल्या सवयीही अर्ध्याच बरोबर घेऊन निघतो.

गुरुवारी सकाळी दहा वाजता शिकारी क्लबवर सगळे पुन्हा जमले. आर्डिथने पिस्तूल धरलं, मनगट ताठ केलं आणि खुंटी बसवावी तसं त्याला मनातल्या मनात बसवलं.

"एक!" गारलंड ओरडला. "दोन! तीन!"

पन्नास झाल्या. पुंगळ्या उजव्या बाजूला एकाच ठिकाणी जाऊन पडत होत्या, शहाण्या पोरांसारख्या. शंभराला डॉइलने दाढी मुठीत धरली. एकशे चाळीसला तिचा हात भरून आला. तिने पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं, चीज आणि लाल मिरचीचं सँडविच सबंध खाल्लं, गोड चहा प्यायला, बोटं चोळली. गारलंडला वाटलं आता एक सल्ला द्यावाच. त्याने तोंड उघडलं. आर्डिथने त्याच्याकडे बघत कानझाकणं चढवली. तोंड मिटलं.

"एकशे सत्त्याऐंशी!"

नेल्डाने डोळे मिटले.

"एकशे अठ्ठ्याऐंशी!" गारलंडचा आवाज फाटला. तिथून पुढे त्याचा सूर इतका वर चढला की शेवटचे बारा आकडे जवळजवळ गाण्यात निघाले. "दोनशे!"

स्लाइड मागे जाऊन उघडी राहिली, मॅगझिन रिकामं, बांधावर धूळ. आर्डिथने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले.

"मी सांगितलं होतं," गारलंड डोळे पुसत म्हणाला, "तेलाचाच प्रश्न होता."

शुक्रवारी सकाळी व्हॅन निघाली. आधी पिस्तूल साफ करून, पुसून, भरून झालं होतं. घाटाच्या तोंडाशी तिने त्याच पंपावर पेट्रोल भरलं. मुद्दाम तिथेच. टाकी तशी पाऊणभर होती.

वर चढताना चौथ्या मैलावर आरशात एक ट्रक दिसला. हिरवट होता, करडा नव्हता. पण ट्रक होता आणि मागे होता. कमरेला पिस्तूल आहे म्हणून भीती पळून गेली, असं काही झालं नाही. भीती शेजारच्या सीटवर येऊन बसली. पण या वेळी ती नुसती शेजारी बसली होती, गाडी चालवत नव्हती. आर्डिथ हळू झाली नाही आणि वेग वाढवलाही नाही. पाच मैल, सात मैल, नऊ. मोबाइल मुका होतो ते वळण आलं. गेलं. अकराव्या मैलावर ट्रक एका शेताच्या फाटकात वळला. चालवणाऱ्याने खिडकीतून हात काढून सहज हलवला, आमच्याकडे सगळे सगळ्यांना हलवतात तसा.

म्हणजे याही खेपेला काहीच घडलं नाही. पण हे "काही नाही" तिला कुणालाही सांगता आलं असतं.

मिस झेल्फा चर्चच्या पायरीवर वाट बघत उभी होती. लहानखुरी, पांढरे केस, उन्हाळ्यातही फुलाफुलांचं जाडजूड स्वेटर. तिने व्हॅनच्या दुसऱ्या दारातून कुणी उतरतंय का, ते मान वाकडी करून पाहिलं.

"कोण आलंय सोडायला?"

"कोणी नाही. एकटीच आलेय."

"बरं झालं. पुरुष माणूस आला की बाकावर बसून सारखं 'झालं का' विचारतो."

आत मधाच्या रंगाची शांतता होती. आर्डिथने पियानोची फळी उतरवली, सूर देणारा पोलादी नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, आणि सात महिन्यांनी तो सूर या भिंतींत पुन्हा ऐकला. मग ती कामाला लागली. एकच त्रास होत होता: उजवीकडच्या बारीक तारांसाठी वाकलं की पिस्तुलाची मूठ बरोबर बरगडीत रुते. ती सरळ होई, जाकीट ओढी, पुन्हा वाके, पुन्हा "आई गं" करी.

मिस झेल्फा पहिल्या बाकावरून बराच वेळ हे बघत होती.

"रुततं ना?" ती शेवटी म्हणाली.

आर्डिथ लाजली. "काय?"

"ते. डाव्या बाजूला घे, पोरी, जरा मागे. मी माझं नव्वद सालीच तिकडे नेलं. उजव्या अंगाला असलं की वरच्या सप्तकात हात पोचत नाही, शेवटची दोन कडवी मारली जातात." तिने स्वेटर थोपटलं. "मुरवलंस का नीट?"

"दोनशे सलग."

"मला तीनशे लागल्या होत्या. पियानो वाजवणाऱ्यांची मनगटं मेली सैल."

आर्डिथ इतकी हसली की नादकाटा हातातून पडला आणि फरशीवर बराच वेळ गुणगुणत राहिला, अगदी सुरात.

दुपारी तीन वाजता शेवटची खुंटी बसली. मिस झेल्फाने दोन्ही हातांनी एक भरगच्च स्वरमेळ दाबला, डोळे मिटून तो विरेपर्यंत ऐकला आणि आर्डिथच्या हातात रविवारच्या जेवणासाठी केलेल्या केळ्याच्या पुडिंगचा अख्खा वाडगा ठेवला. रविवारी कुणी विचारलं तर उंदरांनी खाल्लं म्हणून सांगेन, म्हणाली.

परतताना मुक्या वळणाच्या खाली आल्यावर मोबाइल जागा झाला आणि लगेच वाजला. गारलंड.

"अडकलं का कुठे?"

"काय, पियानो?"

"आर्डिथ!"

"नाही रे. कुठेच नाही. नेलला सांग, मला रात्री जेवायला उशीर होईल."

"का? कुठे चाललीस आता?"

खाली दरीत पांढऱ्या कळसाचं एक छोटं चर्च दिसत होतं, तिच्या चौसष्टांतलंच एक. ऑक्टोबरात त्याचाही पियानो तसाच राहिला होता. दारापाशी कुणीतरी बाई फुलझाडांना पाणी घालत होती.

"वाटेत एक आहे," आर्डिथ म्हणाली आणि तिने डावीकडचा दिवा लावला.